सारवलेली चूल

नंबियार मॅडमनी चुलीच्या तोंडात हात घातला, आतून बोट फिरवलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोटाला काजळी नव्हती. पांढरी माती लागली होती, तीही ओलसर.

"थंड," त्या म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर फुली मारली.

घरची बाई, भीमाबाई, दाराशी कौतुकानं उभी होती. चुलीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, समोर ठिपक्यांची रांगोळी, मागची भिंतसुद्धा पोतारलेली. लग्नघरात वरमाय मिरवावी तशी ती चूल मिरवत होती.

"झाक दिसती ना, सर?" तिनं मला विचारलं.

"छान दिसते," मी म्हणालो.

बाहेर पडताना मॅडम अंगणात थबकल्या. तीन दगडांवर डाळीचं पातेलं होतं. खाली निखारे अजून लाल होते.

"हे काय?"

मी भीमाबाईला विचारलं. ती मोकळेपणानं म्हणाली, "व्हय, आज हितंच रांधलं. आत कशाला खराब करायचं?"

मी दुभाषा होतो. मॅडम केरळच्या, आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं आणि त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. अकोले तालुक्याच्या डोंगरात खडकदरा नावाचं गाव, तिथे आमच्या संस्थेनं सुधारित चुली दिल्या होत्या. साच्यात घडवलेली मातीचीच चूल, पण खाली हवेची भोकं अशी बेतलेली की लाकूड निम्मं लागे आणि धूर नावाला उरे. त्या वाचलेल्या धुराचा हिशेब लांब कुठेतरी परदेशात एखाद्या कारखान्याला विकला जाई. तिथल्या धुराड्याच्या पापाला इथलं पुण्य वजा. पहिल्या सभेत मी हे समजावून सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली होती, "जो धूर झालाच न्हाई तो इकायचा कसा रं बाबा?" सगळ्या बायका हसल्या होत्या. मीही हसलो होतो, कारण मला उत्तर येत नव्हतं.

उत्तर होतं, तपासनीस. बाहेरच्या माणसानं येऊन चुली खरंच पेटतात असं लिहून दिलं, तरच तो न झालेला धूर झाला नाही असं धरलं जाई. चिठ्ठ्या टाकून वीस घरं निवडायची. त्यातली तीन बंद निघाली तर चालेल, चौथी निघाली की अख्ख्या खोऱ्यातलं काम रद्द. आता चुलीला तापमान नोंदवणारं यंत्र बसवतात. तेव्हा होतं ते तपासनिसाचं बोट.

आणखी एक नियम होता. तपासणीची बातमी गावाला आधी द्यायची नाही. सकाळी जीपमध्ये मॅडमनी मला विचारलंही होतं, "गावात कोणाला कल्पना नाही ना?"

"नाही," मी म्हणालो होतो.

कल्पना मीच दिली होती. तीन दिवस आधी मुद्दाम, गावात आमचं काम बघणाऱ्या चांगुणाबाईंच्या घरी जाऊन बसलो होतो. "मावशी, मोठ्या मॅडम येणार आहेत. बायकांना सांगा, चुली जरा स्वच्छ दिसू द्या." नगरच्या माणसाची अक्कल. माझ्या मनात होतं, आजूबाजूचा पसारा आवरतील. पाहुणा येणार म्हटल्यावर या डोंगरात बाई काय करते, हे तीन वर्षं तिथला चहा पिऊनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. बायकांनी राख काढली, चुली आतबाहेर पांढऱ्या मातीनं सारवल्या आणि सारवलेलं मोडू नये म्हणून सकाळचा स्वयंपाक अंगणात दगडांवर केला. तीन वर्षांचा पुरावा एका दिवसात पुसून टाकला, आणि वर रांगोळी घातली.

दुसऱ्या घरीही तेच. पांढरी चूल, अंगणात निखारे.

"मॅडम," मी म्हणालो, "हे पाहुण्यांसाठी सारवलंय. रोज पेटते ही चूल."

"कुलथे, तुम्ही संस्थेचे माणूस. तुमचं बोलणं हा पुरावा नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मागे एका ठिकाणी चारशे चुली नुसत्या रंगवून ठेवलेल्या सापडल्या. तिथल्या साहेबांनी मला हेच सांगितलं होतं. एक लक्षात घ्या. मी इथे पावती लिहिली की तिकडे कोणीतरी तेवढा खरा धूर सोडायला मोकळा होतो. पावती खोटी असली तर धूर दुप्पट होतो. मला जे दिसतं तेच मी लिहिणार."

बाई चोख होती, आणि नेमकी म्हणूनच मला तिची भीती वाटत होती.

तिसऱ्या घरी तर चुलीला झेंडूचा हार होता. फुली.

चौथं घर चांगुणाबाई गभाल्यांचं. चिठ्ठीतच निघालं होतं ते. ही आमची गावची चूलताई. पन्नाशीची, काटक, एक डोळा धुरानं कायमचा पाणावलेला. तीन वर्षं ती दर आठवड्याला घरोघर जाऊन कोणाची चूल पेटते, कोणाची नाही, ते वहीत टिंबं आणि फुल्या काढून नोंदवत असे. सख्ख्या जावेनं चूल चार महिने कोंबड्या झाकायला वापरली, तर तिच्या नावापुढेही हिनं फुल्या मारल्या. जाऊ वर्षभर बोलत नव्हती.

तिला स्वतःला हवं होतं ते एकच. डोंगराच्या माथ्यावर वरली वाडी आहे, तिथे तिची लेक सुंदरा दिलेली. तपासणी पार पडली की दिवाळीआधी वरल्या वाडीला चुली द्यायचं ठरलं होतं. सुंदराचं बाळ तीन महिन्यांचं होतं. एकाच खोलीत तीन दगडांची चूल, तिथेच बाळाची झोळी. दोनदा त्याला तालुक्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, छातीत घरघर म्हणून. मी गेलो की चांगुणाबाई मला चुलीजवळ पाटावर बसवायची, फुंकणीनं जाळ करायची, काजळी लागलेल्या हातानंच चहाचा कप द्यायची आणि विचारायची, "सर, दिवाळीआधी नक्की ना?"

मॅडम ओढ्यावर हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी तिला घरामागे गाठलं.

"मावशी, तीन फुल्या पडल्या. आता तुमची चौथी. खेळ खलास होईल."

"कशापायी? बायका रोज पेटिवत्यात की!"

"त्यांना काजळी दिसली पाहिजे. सारवल्यामुळे त्यांना वाटतं, चुली नव्याकोऱ्या आहेत."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही म्हणेल, तुम्हीच तर सांगितलं होतं. ती म्हणाली नाही.

"ऐका," मी घाईनं म्हणालो. "तव्याच्या बुडाची काजळी घ्या आणि चुलीच्या तोंडाला फासा. दोन काटक्या जाळा. पोरींना पुढच्या घरी पाठवा, त्यांनाही सांगा. पाच मिनिटांचं काम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा तो पाणावलेला डोळा आणि दुसरा कोरडा, दोन्ही माझ्यावर होते.

"खऱ्या चुलीला खोटं काळं फासायचं?"

"मावशी, सुंदराचा विचार करा."

"तिचाच करती. बोटाला तेलकट काजळी लागली की बाईला कळंल. ती काय येडी हाये? मंग समद्याच चुली खोट्या ठरत्याल." ती आत निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही नगा काही करू आता, सर."

मॅडम आल्या. चांगुणाबाईची चूल इतरांहूनही पांढरीशुभ्र होती. म्हातारी सासू कोपऱ्यात पान कुटत बसली होती. मॅडमनी बोट फिरवलं, बघितलं आणि कागदावर फुली न मारता पेनाला टोपण लावलं. ते जास्त वाईट होतं.

"चार घरं. चारही एकाच दिवशी, एकाच मातीनं सारवलेली. कोणीतरी आधी सांगितल्याशिवाय हे होत नाही. विचारा त्यांना, कोणी सांगितलं?"

मी चांगुणाबाईकडे वळलो.

"मॅडम विचारतात, चुली सारवायला कोणी सांगितलं?"

मला तो क्षण अजून आठवतो. सासूनं पान कुटायचं थांबवलं. चांगुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. बाजारात वस्तू घ्यावी की न घ्यावी, असं पाहतात तसं.

"म्या सांगितलं," ती म्हणाली.

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या दिवसभर मी एकाही शब्दाचा फेरफार केला नव्हता. हाही केला नाही.

"ती म्हणते, तिनं सांगितलं."

"म्हणजे ज्या बाईनं तीन वर्षं नोंदी ठेवल्या, तिनंच तपासणीआधी पुरावा झाकला." मॅडमनी फाइल बंद केली. "मग तिच्या वहीला काही अर्थ उरत नाही. कुलथे, पुढची घरं बघून तरी काय उपयोग?"

हे मी मराठीत सांगितलं नाही. पण बंद झालेली फाइल कोणालाही वाचता येते.

"सर," चांगुणाबाई म्हणाली, "बाईंना इचारा, चूल किती दिस पेटली हे डोळ्यांनी दिसलं, तर लिहित्याल का?"

मी विचारलं.

"दिसलं तर लिहीन," मॅडम म्हणाल्या.

चांगुणाबाई बाहेर गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. चुलीसमोर बसली, हळदीकुंकवाच्या बोटांवर कपाळ टेकवलं. सासूला आधी कळलं.

"अगं ए! नांदत्या घराची चूल फोडती का काय? चांगुणे!"

पहिला घाव चुलीच्या ओठावर बसला. दुसऱ्या घावाला वीतभर लांब ढलपी सुटून तिच्या मांडीवर पडली. सासूनं तोंडावर पदर घेतला. चांगुणाबाईनं ढलपी उचलली, पदरानं झटकली आणि तिची तुटलेली कड उजेडाकडे करून मॅडमच्या हातात दिली.

मी पुढे वाकलो. मातीत रेघा होत्या. पांढरी, काळी, पांढरी, काळी. केसाएवढ्या बारीक, एकावर एक, चांगल्या दोन बोटं जाड. दर सारवणाची एक पांढरी रेघ आणि त्यावर पुढच्या सारवणापर्यंत पेटलेल्या जाळाची एक काळी.

"आम्ही अमावस्येला आन् पुनवेला सारवितो," चांगुणाबाई म्हणाली. "सांगा त्यांना. मोजा म्हनावं."

मॅडम अंगणात ओट्यावर बसल्या. चष्मा बदलला. माझ्याकडे टाचणी मागितली, ती नव्हती, तेव्हा चांगुणाबाईनं केसांतला आकडा काढून दिला. त्याच्या टोकानं मॅडम एकेक काळी रेघ मोजू लागल्या. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आम्ही दोघं उभे होतो. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्या होत्या.

"अडुसष्ट," अखेर त्या म्हणाल्या. "तीन वर्षांच्या बहात्तर व्हायला हव्यात. चार कमी आहेत."

मी विचारलं. चांगुणाबाईनं क्षणभर डोळे मिटले.

"तीन वर्सं भाताच्या आवणीत एकेक चुकली. पहाटे शेतात गेलं की राती घरी, सवड कुठं? आन् सासरा वारला तवा सुतकात एक."

मी तसंच सांगितलं. मॅडमनी तो तुकडा रुमालात गुंडाळला, उठल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या घरापासून पुन्हा सुरू करू. चूल फोडायची नाही. ओठाची दोन बोटांएवढी टवकी पुरेल."

त्या दिवशी आम्ही विसाच्या वीस घरांत गेलो. टवक्यांत कुठे पासष्ट रेघा, कुठे सत्तर. हार घातलेल्या चुलीला एकाहत्तर. आणि भीमाबाईच्या त्या झाक चुलीला, ती तर सगळ्यांत जास्त मिरवत होती, निघाल्या पाच.

"भाकर फुगत न्हाई माय तिच्यावर," भीमाबाई बिनदिक्कत म्हणाली. "म्हनून म्या दगडावरच करती. चांगुणेला ठावं हाये, तिच्या वहीत बगा."

वहीत बघितलं. भीमाबाईच्या नावापुढे पानंच्या पानं फुल्या होत्या. मॅडम त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

निघताना हिशेब झाला. वीसपैकी बंद चुली दोन. एक भीमाबाईची. दुसरी चांगुणाबाईची, कारण नियमाप्रमाणे फुटलेली चूल ही वापरातली चूल नव्हे. काम टिकलं. वरल्या वाडीला चुली मिळणार हे पक्कं झालं.

मॅडम जीपकडे गेल्यावर मी मागे रेंगाळलो. चांगुणाबाई अंगणात तीन दगड मांडत होती.

"मावशी, माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. मंग वरल्या वाडीला चुली घेऊन कोन जानार?" तिनं दगड हलवून बघितला. "मपल्या चुलीचं काय, आठ दिसांत नवी व्हईल. तुम्ही नंतर कधी सांगा बाईंना, सवडीनं. मपल्या वहीवर डाग नको, एवढंच."

"सांगतो," मी म्हणालो.

घाट उतरेपर्यंत दीड तास लागतो. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. मी वाक्य जुळवत होतो. राजूरच्या वळणावर तेच म्हणाल्या, "ती बाई विलक्षण आहे. पण तिनं तपासणीची बातमी फोडली, हे मला अहवालात लिहावंच लागेल. अशा माणसाला पुढे नोंदींच्या कामावर ठेवता येणार नाही. तुम्ही समजू शकता."

मी काय गमावणार होतो? नोकरी. लग्न ठरलेलं होतं, नगरला घर भाड्यानं घेतलं होतं. ही कारणं खरी आहेत. ती मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता तीही सारवल्यासारखी गुळगुळीत झाली आहेत.

"समजू शकतो," मी म्हणालो.

दिवाळीच्या पाच दिवस आधी वरल्या वाडीत चुली गेल्या. पहिली सुंदराच्या घरी बसली. चांगुणाबाई स्वतः माती मळत होती. काम आटोपल्यावर मी तिला सांगितलं की उद्यापासून वही दुसरीकडे द्यायची आहे, वरून आदेश आलाय.

तिनं हात धुतले. "गाडीत तुम्ही बाईंच्या संगतीच व्हते ना?"

"होतो."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन वही घेऊन आली. रेशमी कापडात बांधलेली होती. मग झोळीतल्या बाळाला जोजवत बसली. बाळ शांत झोपलं होतं, घरघर नव्हती. त्या आनंदात माझं निभावलं असं मला वाटलं.

पुढे मी मोठा साहेब झालो. पुण्याच्या कार्यालयात बसलो. मातीचे थर मोजून चूल तपासायची रीत मी कितीतरी ठिकाणी शिकवली, लोक तिला माझी रीत म्हणायचे आणि मी दुरुस्त करत नसे. दोन वर्षांनी खडकदऱ्यात जायची वेळ आली तेव्हा मुद्दाम एक दिवस आधी निरोप पाठवला, मावशींकडे चहाला येतो म्हणून.

गेलो. चांगुणाबाईनं हसून स्वागत केलं. "या साहेब," म्हणाली. बसायला ओसरीवर खुर्ची दिली. मी सवयीनं उठून आत डोकावलो, चुलीजवळच्या माझ्या पाटाकडे.

पाट भिंतीला उभा होता. चूल आतबाहेर सारवलेली, पांढरीशुभ्र, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, समोर ठिपक्यांची रांगोळी. मी जवळ जाऊन चुलीला हात लावला.

थंड होती. माझा चहा बाहेर अंगणात तीन दगडांवर उकळत होता.